सुनेसाठी ठेवायचा दागिना

सेवाग्राम आश्रमात बापूकुटी पाहून झाली की पावले बा-कुटीकडे वळतात. ती साधी, मातीच्या भिंतींची वास्तू पाहताना दागिन्यांचा विचार सहसा मनात येत नाही. तथापि कस्तुरबांच्या आयुष्यातही दागिन्यांवरून एक कठीण प्रसंग उद्भवला होता. १९०१ साली गांधी कुटुंब दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतण्यास निघाले, तेव्हा तेथील लोकांनी सोन्याचांदीच्या व हिऱ्यांच्या भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता. लोकसेवेचा मोबदला घेऊ नये, या भावनेने गांधीजींनी सर्व भेटी परत करण्याचे ठरविले. कस्तुरबांनी विरोध केला. आपल्याला दागिने नकोत. परंतु उद्या सुना घरात येतील, त्यांचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. अखेर त्यांनी संमती दिली आणि त्या भेटींचा सार्वजनिक कार्यासाठी विश्वस्त निधी झाला.

गांधीजींचा निर्णय त्यागी पुरुषाचा होता; कस्तुरबांचा प्रश्न मात्र प्रत्येक संसारी घराचा आहे. लग्न ठरले की सराफाच्या पेढीवर वजनाची व नक्षीची चर्चा रंगते. हा दागिना पुढच्या पिढीच्या हाती धड पोहोचेल काय, हे क्वचितच विचारले जाते.

दागिना तुटतो तो बहुधा सांध्यावर. म्हणून हाराची कडी, बांगडीचा जोड, कर्णफुलाची फिरकी प्रथम पाहावी. डाक लावलेली जागा गुळगुळीत व भरलेली असावी. पोकळ दागिना कमी वजनात भारदस्त दिसतो. परंतु एकदा चेपला की पूर्ववत होणे कठीण. रोज वापरायचा दागिना शक्यतो भरीव घ्यावा, मग तो आकाराने लहान असला तरी चालेल. शुद्ध सोने मऊ असल्याने त्यात तांबे-चांदी मिसळतात. बावीस कॅरटमध्ये ९१.६ टक्के सोने असते. खड्यांच्या दागिन्यास अठरा कॅरट अधिक सोयीचे, कारण त्याचे कोंदण खडा घट्ट धरून ठेवते.

शुद्धतेची परीक्षा आता केवळ विश्वासावर सोडण्याचे कारण उरलेले नाही. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्यात मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पेढीवरच पडताळता येतो. पावतीवर निव्वळ सोन्याचे वजन, कॅरट, खड्यांचे मूल्य व घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. सोनेतारण कर्ज देताना बँक केवळ सोन्याचे मूल्य धरते. खडे व घडणावळ त्यात मोजली जात नाही. ज्या दागिन्यात घडणावळच भरमसाट आहे, तो हौस म्हणून खुशाल घ्यावा. त्यास गुंतवणूक समजू नये.

दुकानाच्या हिशेबात जे कुटुंब पैशापैशाची नोंद ठेवते, तेच सोने खरेदी करताना कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानते. कर वाचल्याचा आनंद चार दिवसांचा. पुढे वाटणीच्या वेळी शुद्धतेवरून भावाभावांत शंका निर्माण झाली, तर तिचे निरसन करणारा कागद घरात नसतो.

म्हणून दागिने थोडे असावेत, मजबूत असावेत आणि सुनेच्या हाती देताना त्यांच्यासोबत पक्की पावतीही द्यावी.