कॉर्टिसोलचा एकच आकडा पाहून घाबरू नका

“डॉक्टर, माझं कॉर्टिसोल वाढलंय. म्हणूनच पोट सुटलंय का?” हातात रिपोर्ट घेऊन असं विचारणारे रुग्ण हल्ली वरचेवर भेटतात. बहुतेकांनी ही तपासणी फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये केलेली असते. माझं मत स्पष्ट आहे: लक्षणं नसताना केलेली ही तपासणी उत्तरापेक्षा काळजीच जास्त देते.

कॉर्टिसोल हे दोन्ही मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ॲड्रीनल ग्रंथींमधून येणारं हॉर्मोन. रक्तदाब आणि रक्तातली साखर सांभाळायला ते लागतंच. ते पहाटे वाढतं, सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री सर्वांत कमी. ताप, जागरण, नाइट शिफ्ट, एवढंच काय, सुईची भीती यानेही ते बदलतं. गर्भारपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आजार नसतानाही रिपोर्ट जास्त येतो. मग एका वेळच्या आकड्यावरून निदान कसं करणार?

मग शंका कधी घ्यायची? चेहरा गोल होणं, पोटावर जांभळे रुंद पट्टे, जरा लागलं की काळंनिळं पडणं, खाली बसल्यावर उठता न येणं अशी लक्षणं एकत्र दिसली तर. तेव्हा रात्री 11 वाजता डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅम गोळी देऊन सकाळी 8 वाजता रक्त तपासतात. रात्री उशिराची लाळ किंवा 24 तासांची लघवीही तपासतात. याउलट वजन घटणं, उठताना चक्कर, हिरड्या आणि हातावरच्या रेषा काळवंडणं ही कॉर्टिसोल कमी असल्याची लक्षणं असू शकतात. आपल्याकडे क्षयरोग हेही त्याचं एक कारण आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. गुडघेदुखीची पुडी, दम्याचं ‘खात्रीशीर’ औषध, गोरं करणारी क्रीम यांत अनेकदा स्टिरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने घेतलं की चेहरा सुजतो, साखर वाढते; पण रक्तातलं कॉर्टिसोल मात्र कमी दिसू शकतं, कारण बाहेरून आयतं मिळाल्यामुळे आपल्या ग्रंथी काम थांबवतात. अशा वेळी घाबरून पुडी एकदम बंद केली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकतं. स्टिरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्यात येताना रिपोर्टबरोबर घरातली प्रत्येक पुडी, गोळी आणि मलमाची ट्यूबही घेऊन या. “देशी औषध आहे, डॉक्टर रागावतील,” म्हणून लपवू नका. तुमचं निदान रिपोर्टमधल्या आकड्यापेक्षा त्या पिशवीतच सापडण्याची शक्यता जास्त आहे.