टीव्हीचा मॉनिटर करू नका

“डॉक्टर, तेवढ्याच पैशात मोठा टीव्ही येतो, मग तोच कॉम्प्युटरला जोडला तर काय बिघडलं?” नजर कायमची बिघडत नाही, पण मान धरते. ३२ इंची स्वस्त टीव्ही बहुधा १३६६ × ७६८ पिक्सेलचा. म्हणजे इंचाला जेमतेम ४९ पिक्सेल. २४ इंची फुल एचडी मॉनिटरला सुमारे ९२. टीव्ही सोफ्यावरून सिनेमा बघायला असतो, दोन फुटांवरून एक्सेलमधले आकडे वाचायला नव्हे! अक्षरं फुटकी दिसतात, तुम्ही पुढे वाकता, टक लावता, पापण्या कमी मिटतात, डोळे चुरचुरतात. मग निळ्या प्रकाशाचा चष्मा मागता. त्याने यातलं काहीच थांबत नाही. दिवसभराच्या कामाला मॉनिटरच घ्या आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा.