एम्प्रेस हॉल पाडला गेला. आपल्या तालमींचे काय?

१/ बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कुस्तीचा विषय निघाला की खाशाबा जाधव आणि १९५२ चे हेलसिंकीचे कांस्यपदक यांचे स्मरण होतेच. त्याआधी चार वर्षे ते लंडनमध्ये ज्या छताखाली लढले, ती वास्तू मात्र आज उरलेली नाही. #थ्रेड

२/ अर्ल्स कोर्टचा एम्प्रेस हॉल. भव्य देखाव्यांचे निर्माते इम्रे किराल्फी यांनी १८९० च्या दशकात तो नाट्यगृह म्हणून उभारला. १८९५ च्या 'एम्पायर ऑफ इंडिया' प्रदर्शनात येथेच हिंदुस्थानचा इतिहास साम्राज्याच्या कौतुकासाठी रंगमंचावर मांडला गेला.

३/ पुढे तेथे बर्फावरील स्केटिंग सुरू झाले. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती, वेटलिफ्टिंग व जिम्नॅस्टिक्स याच सभागृहात झाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले ऑलिंपिक. कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेलेले गोळेश्वरचे २२ वर्षांचे खाशाबा, तांबड्या मातीत घडलेले, तेथे मॅटवर उतरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले.

४/ हेलसिंकीचे मेसुहाल्ली, जेथे त्यांना पदक मिळाले, ते आजही क्रीडागृह म्हणून वापरात आहे. एम्प्रेस हॉल मात्र पाडला गेला आणि १९६० च्या दशकारंभी त्या जागी एम्प्रेस स्टेट बिल्डिंग ही कार्यालयांची उंच इमारत उभी राहिली.

५/ माझ्या मते खरा प्रश्न पाडकामाचा नाही. शहरे बदलणारच. एम्प्रेस हॉलची वास्तू गेली, तरी स्पर्धेचा अधिकृत अहवाल, छायाचित्रे व वृत्तपत्रे यांच्या आधारे तिचा इतिहास आजही लिहिता येतो.

६/ आपल्या गावच्या तालमीविषयी असे म्हणता येईल काय? ताक, तेल, हळद घालून मळलेली माती, मारुतीची मूर्ती, भिंतीशी ठेवलेले मुद्गल. आणि त्या हौद्यात पिढ्या घडविणारे वस्ताद. यांतील बहुतेक गोष्टी वृद्धांच्या स्मरणातच आहेत. इमारत पडली आणि ती माणसेही गेली, तर इतिहासकाराच्या हाती काहीच उरणार नाही.

७/ म्हणून नगरपरिषदांनी व ग्रामपंचायतींनी एक ठराव करावा: जुनी तालीम उतरवण्यापूर्वी तिचे मोजमाप, छायाचित्रे, वस्तादांची नावे व ज्येष्ठ पैलवानांच्या मुलाखती दप्तरी जमा व्हाव्यात. यास फार मोठा निधी लागत नाही. पाडकामाच्या आदेशाआधी काही दिवस मात्र राखून ठेवावे लागतात.