जंभेरीला जे जमतं

गेल्या पावसाळ्यात बंगळूरला चामराजपेटेतल्या आमच्या गच्चीवर मी टोमॅटोची बारा रोपं लावली. बी विकतचं नव्हतं. आदल्या हंगामात एका संकरित झाडाला इतकी देखणी फळं धरली होती, की त्यांचंच बी राखेत चोळून, वाळवून, पुडीत बांधून ठेवलं होतं. त्या बारा रोपांच्या बारा तऱ्हा झाल्या. एक गुडघ्याशीच थांबलं, एक माझ्या डोक्यावर गेलं. एकाला लांबोडकं फळ, दुसऱ्याला चपटं, पन्हाळीदार. दोन रोपांची पानं श्रावणातच आकसली. शेजारच्या अज्जी कुंडीतल्या अवरेचं, म्हणजे आपल्या वालाचं, बी वर्षानुवर्षं डब्यात जपतात आणि त्यांच्या वेलाला दरवर्षी तीच शेंग येते. माझ्या कुंड्या बघून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "माझी अवरे आईवर जाते, तुझा टोमॅटो का जात नाही गं?"

अज्जींचा वाल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतो. त्याच्या जनुकांच्या जोड्या सारख्या झालेल्या असतात, त्यामुळे वाटणी कशीही झाली तरी वाट्याला तेच येतं. संकरित झाड म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांची सोयरीक. त्याचा जोम त्या वेगळेपणातच असतो. पण बी धरताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं, आईबापांचे गुण पिसले जातात आणि प्रत्येक बियाला निराळा वाटा मिळतो. म्हणून संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

ते बी महाग का असतं, हे देऊळगाव राजाकडच्या शेडनेटमध्ये कळतं. टोमॅटोची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडायची, आतली पिवळी पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराला धक्का न लावता काढायची, दुसऱ्या दिवशी नरझाडाचा पराग तिथं टेकवायचा. याला तिकडे 'क्रॉसिंग' म्हणतात. एकेका कळीला हे करायचं, आणि बहुतेक ठिकाणी ते बायकांचे हात करतात. कर्नाटकात राणेबेन्नूरकडेही हेच चालतं. 1973 मध्ये बंगळूरच्या एका कंपनीनं 'कर्नाटक' नावाचा संकरित टोमॅटो बाजारात आणला, त्याआधी 1970 मध्ये सुरतेहून कापसाचा एच-4 आला होता. तेव्हापासून हा व्यवहार असाच, दर हंगामाला नव्या पाकिटाचा.

पण झाडांना दुसरी वाट ठाऊक आहे, आणि ती पाहायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. वरूड, शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत नागपुरी संत्र्याचा डोळा जंभेरी लिंबाच्या खुंटावर भरतात. जंभेरीचं एक बी रुजवलं की त्यातून दोन-दोन, तीन-तीन रोपं निघतात आणि त्यांतली बहुतेक हुबेहूब आईसारखी असतात. कारण ती फलनातून झालेलीच नसतात. बीजांडातल्या आईच्या स्वतःच्या पेशी सरळ गर्भ होऊन वाढतात. पिसणं नाही, वाटणी नाही. लिंबूवर्गातल्या या गुणामागचं जनुक 2017 मध्ये सापडलं. कोडगूचं संत्रं पिढ्यान् पिढ्या बियांवरून लावूनही टिकलं, ते याच बळावर. हापूसला हे जमत नाही, म्हणून त्याचं कलम बांधावं लागतं. गवतांत मारवेल आणि अंजन तर बियातला गर्भ बहुधा फलनाला फाटा देऊनच धरतात. अलैंगिक बीजनिर्मिती, शास्त्रज्ञांचं अपोमिक्सिस, ते हेच.

हा गुण संकरित भातात आणायचा तर दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. पिसणं थांबलं पाहिजे आणि अंडपेशीनं परागाची वाट न पाहता गर्भ धरला पाहिजे. पहिलीच्या वाटेवरचं एक मोठं पाऊल आपल्याकडे पडलं. 2008 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत इम्रान सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात एकच जनुक बिघडलं तरी आईचे सगळे गुण न पिसता अंडपेशीत उतरू शकतात. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये तीन जनुकं एकत्र बंद करून ते पक्कं जमवलं गेलं. दुसरी अट 2019 मध्ये कॅलिफोर्नियात इम्तियाज खांडे आणि वेंकटेशन सुंदरेसन यांनी भातात पुरी केली. गर्भाला चालना देणारं, एरवी परागाकडून येऊन जागं होणारं जनुक त्यांनी अंडपेशीतच जागं केलं. त्या वेळी फार तर तीस टक्के बिया आईसारख्या निघाल्या होत्या. 2022 अखेर संकरित भातात हा आकडा 95 टक्क्यांच्या पुढे गेला.

माझं म्हणणं यापुढचं आहे. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं आपल्या शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा, अगदी ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. संकरित पिकापुरता तो हक्क कागदावरच राहतो, कारण राखलेल्या बियाची गत माझ्या बारा टोमॅटोंसारखी होते. अपोमिक्सिसनं त्या हक्कात जीव येईल. ज्यांचा धंदा दरवर्षीच्या पाकिटावर चालतो ते हे बी शेतकऱ्याच्या कणगीत स्वतःहून घालतील, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. 1998 मध्येच शास्त्रज्ञांनी इटलीत बेलाजिओला जमून हे तंत्र पेटंटांच्या कुंपणात अडकू नये, असं जाहीर केलं होतं. म्हणून राहुरी, परभणी, अकोला, धारवाड इथल्या कृषी विद्यापीठांनी ज्वारी-बाजरीसाठी हे काम सरकारी पैशातून आत्ताच हाती घ्यावं. भातातल्या पद्धतीत बाहेरून जनुक घालावं लागतं, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकांचे सगळे नियम लागू होतील. ती तपासणी पूर्ण, उघड्यावर व्हावी. तिला वेळ लागतो म्हणूनच उशीर नको. आणि क्रॉसिंगवर ज्यांची चूल पेटते त्या बायकांचा विचार वाण आल्यावर नव्हे, आधी व्हायला हवा.

एक भीती मलाही आहे. तालुकाभर एकच झाड उभं राहिलं तर एकच रोग ते सगळं नेईल. वरूडकडच्या वाफ्यात माळी वाकून रोपं चाळतो. शेजाऱ्यांपेक्षा बारीक, पान जरा निराळं, असं रोप दिसलं की उपटून बांधावर टाकतो; खुंटाला एकसारखीच रोपं लागतात, तेव्हा त्याचं बरोबरच आहे. पण त्या वाफ्यात फलनातून जन्मलेलं, आई आणि बाप दोघांचं रोप बहुधा तेच असतं. नवं वाण शोधणाऱ्याला तेच हवं असतं. कुणीतरी ते बांधावरून उचलून वेगळ्या कुंडीत लावायला हवं, आणि त्याची मजुरीही सरकारनंच द्यायला हवी.