वळ आणि पट्टे : ‘प्रचारकी’ या शिक्क्याविरुद्ध

कामतघरातील माझ्या एका विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी एक विषय मांडला होता : ख्रिस्ती भक्तिगीतांनी स्वीकारलेले लौकिक रूपबंध, रेव्हरंड टिळकांपासून हार्ड रॉकपर्यंत. समितीने तो पाच मिनिटांत नाकारला. कारणे दोन सांगितली : हे लेखन प्रचारकी आहे, आणि रॉक आपल्या मातीतले नाही. विद्यार्थिनीने विषय बदलला. आता ती ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रणावर काम करते. प्रश्न एका प्रबंधाचाच असता तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ही दोन्ही कारणे मराठी समीक्षेत इतकी रुळली आहेत की ती तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. ती येथे तपासायची आहेत.

तिच्या टिपणातले उदाहरण ‘स्ट्रायपर’ या बँडचे होते, तेच घेऊ. कॅलिफोर्नियातील ऑरेंज कौंटीतला, मायकेल आणि रॉबर्ट स्वीट या भावांचा हा बँड आधी ‘रॉक्स रेजिम’ म्हणून ओळखला जाई. १९८३ साली त्याने नवे नाव घेतले. ‘द यलो अँड ब्लॅक अटॅक’ (१९८४) आणि ‘सोल्जर्स अंडर कमांड’ (१९८५) यांच्यामागून आलेल्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’ (१९८६) या ध्वनिमुद्रिकेचा खप अमेरिकेत दहा लाखांवर गेला. अंगावर पिवळे-काळे पट्टे, कर्कश गिटार आणि मंचावरून श्रोत्यांत फेकल्या जाणाऱ्या नव्या कराराच्या प्रती, असा हा सारा प्रकार होता. रॉकच्या वर्तुळाने त्यांची टर उडवली. दुसरीकडे, जिमी स्वॅगर्ट या धर्मोपदेशकाने १९८७ साली ख्रिस्ती रॉकविरुद्ध पुस्तकच लिहिले. दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच होते : रूप एकाच्या मालकीचे, आशय दुसऱ्याच्या, त्यांची गाठ पडणे हीच भेसळ. आमच्या समितीचेही गृहीतक याहून वेगळे नव्हते.

आता हे रूप नीट वाचू. बँडचे नाव यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील पाचव्या वचनाशी जोडलेले आहे. सेवकाला बसलेल्या फटक्यांनी आपण बरे होतो, असा तेथील आशय आहे. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये फटक्याच्या वळासाठी जो शब्द आहे, तोच कापडावरच्या पट्ट्यासाठीही आहे. मराठीत वळ निराळा, पट्टा निराळा. म्हणून हा श्लेष आपल्या नजरेतून सहज निसटतो. त्या चिन्हव्यवस्थेत मात्र वेष हाच वळ आहे. ज्या पोषाखाकडे निव्वळ भडक सजावट म्हणून पाहिले जाते, तो वचनाचे अर्थनिर्णयन करतो आहे. आमच्या भिवंडीत मागावर काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की कापडावर पट्टा दोन प्रकारे येतो. एक, विणून झाल्यावर छापून. दुसरा, ताण्यातच रंगीत सूत भरून. छापलेला पट्टा उलट बाजूने फिका पडतो, विणलेला दोन्हीकडून दिसतो. ‘प्रचारकी’ हा आक्षेप छापील पट्ट्याला लागू पडेल. पट्टा कोणता, हे मात्र कापड उलटून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

१९८६ च्या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षकच पाहा. बोलीतला शिवीवजा शब्दप्रयोग जसाच्या तसा उचलून त्याचा शब्दशः अर्थ जागा केला आहे. शिवी शब्दशः घेतली की प्रार्थना होते. २०१८ साली ‘गॉड डॅम ईव्हिल’ या शीर्षकात त्यांनी हीच क्लृप्ती पुन्हा वापरली, तेव्हा शिवी ऐकू आलेल्या काही विक्रेत्यांनी ध्वनिमुद्रिका ठेवण्यास नकार दिला. मराठीच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. एकनाथांनी भारुडात गोंधळी, जोशी, भुत्या, वासुदेव यांची बोली आणि सोंगे घेतली. अंगात येणे, विंचू चावणे असले लौकिक, गलबल्याचे प्रसंग परमार्थाला जुंपले. भारुड उघड उपदेश करते. तरीही भारुडाला प्रचारकी म्हणून अभ्यासक्रमाबाहेर काढावे, असे कोणी म्हणत नाही. मग उपदेश हा निकष उरला कोठे?

उरते ‘आपली माती’. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. परकीय चालींवरच्या अनुवादित स्तोत्रांऐवजी त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही रूपे चर्चमध्ये आणली. त्याहीपूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत अवतरले होते. देशीयतेची याहून कोणती कसोटी हवी? तरीही वाङ्मयेतिहासात ‘ख्रिस्तपुराण’ ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ या स्वतंत्र प्रकरणात बसते, आणि पाठ्यपुस्तकातले टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून उरतात. ‘अभंगांजली’चे टिळक तेथे नसतात. म्हणजे एकनाथ उपदेश करूनही चालतात, तर टिळक देशी असूनही चालत नाहीत. समितीची दोन्ही कारणे परस्परांना खोडून काढतात. त्यांच्याखाली न उच्चारलेले तिसरे कारण आहे : श्रद्धा कोणाची? ते कारण मोकळेपणाने मांडले असते तर निदान वाद तरी घालता आला असता.

एकनाथांची प्रतिभा मोठी आहे, या गीतांची तेवढी नाही, असे कोणी म्हणेल. ते मान्य करायला मला अडचण नाही. ‘स्ट्रायपर’च्या कित्येक गीतांतील शब्द उपदेशापलीकडे जात नाहीत. परंतु हा निर्णय वाचनानंतरचा आहे. समितीने वाचनच नाकारले. आणि प्रचार वगळला की कला शिल्लक राहते, हे समीकरणही या बँडच्या वाटचालीत टिकत नाही. १९९० च्या ‘अगेन्स्ट द लॉ’मध्ये त्यांनी पट्टे उतरवले, उघड ख्रिस्ती शब्द गाळले. पूर्वीचे यश आले नाही, आणि १९९२ साली मायकेल स्वीट बाहेर पडला. खप हा कलेचा निकष नव्हे, हे खरेच. पण मर्ढेकरांनी लयीच्या विचारात ज्याला विरोध म्हटले, तो येथे संपला : देहाला चेतवणारे रूप आणि देहाला झालेल्या जखमेचे वचन यांतला ताण. उरली ती अनेकांतली आणखी एक हार्ड रॉक ध्वनिमुद्रिका. २००३ साली बँड पुन्हा एकत्र आला आणि २००५ साली ‘रिबॉर्न’ निघाली; तो परतला, तो श्रद्धेचे शब्द घेऊनच.

समीक्षेचे काम आशयाच्या दारावर जातपडताळणी करण्याचे नाही. श्रद्धा रूपात विणली गेली आहे की वरून छापली आहे, हे दाखवून देण्याचे आहे. यासाठी श्रद्धावान असावे लागत नाही. मी स्वतः त्या श्रद्धेचा नाही. त्यासाठी कापड हातात घेऊन उलटावे लागते. माझी विद्यार्थिनी तेवढीच परवानगी मागत होती.