गाय नंतर, आधी वैरण

राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा दिला. वीजदर, कर्जावरील व्याज आणि ग्रामपंचायतीचा कर या बाबतींत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलती पशुपालकालाही मिळाव्यात, हा त्यामागील हेतू. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र भंडारा जिल्ह्यातील दोन-अडीच एकरांच्या धान उत्पादकाने घराशेजारी चार जनावरे बांधायचे ठरविले, तर त्याच्यापुढील पहिला प्रश्न विजेचा नसून वैरणीचा असतो.

वरकरणी हे विचित्र वाटेल. तलावांचा जिल्हा, भरपूर पाऊस आणि कापणीनंतर तणसाचे ढीग, मग वैरणीची वाण कशी? तणसाने पोट भरते, दूध वाढत नाही. त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. शंभर किलो तणसावर चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून ते तीन आठवडे हवाबंद ठेवल्यास त्याचा कस वाढतो. परंतु हा सोपा उपाय सांगणारे पुष्कळ, करणारे थोडे. त्यातच हार्वेस्टरने कापणी केली की तणस शेतातच विखुरते आणि गोठ्यापर्यंत पोहोचत नाही.

संकरित गाईला दररोज २० ते २५ किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो वाळलेली वैरण आणि पोषणासाठीच्या दीड किलो खुराकाखेरीज दर अडीच लिटर दुधामागे आणखी एक किलो खुराक लागतो. पाण्याची सोय असलेल्या दहा गुंठ्यांत संकरित नेपियर लावल्यास वर्षाकाठी १५ टनांच्या आसपास हिरवा चारा मिळतो, म्हणजे दिवसाला सुमारे ४० किलो. दोन गाई कशाबशा निभावतात. तिसरी गाय आली की चारा विकत आणावा लागतो आणि नफ्याचे गणित तेथेच बिघडते.

हा धडा विदर्भाने एकदा घेतला आहे. पंतप्रधानांनी २००६ मध्ये पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या ३,७५० कोटींच्या पॅकेजमध्ये निम्म्या अनुदानावर दुधाळ गाईंचे वाटप होते. भंडारा त्यात नव्हता. घरातील माणसांपेक्षा गाईवरच अधिक खर्च होऊ लागल्याने अनेक कोरडवाहू शेतकऱ्यांनी त्या विकून टाकल्या. झाडीपट्टीतील धानपट्ट्याची कठाणी गाय दूध थोडेच देते. पण तणस आणि चराईवर तगते. अनुदानाच्या कागदावर मात्र तिला फारसे स्थान नसते.

नवख्यासाठी तीन-चार शेळ्या आणि परसातल्या कोंबड्या हीच सुरुवात शहाणपणाची. शेळी पाच महिन्यांत विते, अडीअडचणीला एखादे बोकड विकता येते. राज्याच्या योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ च्या सुधारणेनंतर ५० टक्के भांडवली अनुदान आहे, पण किमान गट १०० शेळ्या आणि पाच बोकडांचा. अडीच एकरवाल्यासाठी ही योजना नाही, हे उघड आहे.

येथील पावसाळाही शेळीला मानवणारा नाही. ओल्या जमिनीवर खूर कुजतात, म्हणून उंच मचाण हवे. तलावाकाठच्या गोगलगायींमधून यकृतातील पर्णकृमींचा प्रादुर्भाव होतो. तेथे चराई टाळणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर जंतनाशक देणे आवश्यक ठरते. आंत्रविषाराची लस मृगापूर्वीच टोचून घ्यावी लागते. अनुदानाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. लस टोचायला मात्र माणूसच गावात यावा लागतो.

विदर्भ-मराठवाड्यातील १९ जिल्ह्यांसाठी मंजूर झालेल्या दुग्धविकास प्रकल्पाच्या १४९ कोटींच्या दुसऱ्या टप्प्यात आता भंडाराही आहे. दुधाळ जनावरांबरोबरच चारा पिके आणि कडबाकुट्टीची तरतूद त्यात आहे. प्रश्न क्रमाचा आहे. नेपियरचे ठोंब लावल्यावर पहिल्या कापणीला दोन-अडीच महिने लागतात. गाय गोठ्यात आल्या दिवसापासून खाते.