चार वर्षांची मुलगी, दोन वर्षांचे कान

गेल्या महिन्यात एक आई आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीला सर्दी नव्हती, ताप नव्हता. "दाखवायला नाही डॉक्टर, सांगायला आले," म्हणत तिने पिशवीतून एक वही काढली. मुलीला कळणारे शब्द तीत तारखेनिशी लिहिले होते: पोळी, चप्पल, गार, नको... एकूण 212. शेवटचा शब्द होता ‘परवा’.

मुलगी चार वर्षांची, जन्मापासून दोन्ही कानांनी बहिरी. वडील मालमोटारीवर चालक, आठ-आठ दिवस बाहेर. आईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एकेक दिवस खोडत ‘आज’, ‘उद्या’ शिकवले होते. त्या दिवशी मुलीने आजच्या चौकोनानंतरचा एक चौकोन सोडून पुढच्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "बाबा, पवा." सांगताना आईचे डोळे भरून आले.

ऐकू येणाऱ्या मुलाला ‘परवा’ कोणी शिकवत नाही. स्वयंपाकघरात, अंगणात मोठ्यांचे बोलणे चालू असते, त्यातून ते आपोआप कानावर पडते. बहिऱ्या मुलाला पोळी दाखवता येते, परवा कसा दाखवणार? त्यातून आपल्या मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही! म्हणून 212 मध्ये हा एक शब्द मला इतर पन्नासांपेक्षा मोठा वाटतो.

घरात मात्र जाऊबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढे? शेजारचा तीन वर्षांचा पोरगा अख्खी गोष्ट सांगतो." हा हिशेबच चुकीचा आहे. या मुलीला श्रवणयंत्रे मिळून दोनच वर्षे झाली. तिचे वय चार असले तरी ऐकण्याचे वय दोन आहे. तुलना करायचीच तर ती या वयाशी करावी.

ही दोन वर्षे वाया का गेली? त्यात माझाही वाटा आहे. चौदा महिन्यांची असताना तिला माझ्याकडे आणले होते. आजीने मागून थाळी वाजवली, तेव्हा मुलगी वळली होती. मीही "थोडे थांबून पाहू" म्हणालो. वास्तविक मूल हादऱ्याने वळते, सावली पाहूनही वळते. थाळी, टाळी, दाराचा आवाज या तपासण्या नव्हेत. नवजात बाळ झोपलेले असतानाच कानाची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत होते. शंका आली तर ‘बेरा’ तपासणी करतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात, असा आता दंडक आहे. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा पुष्कळ पुढे असते, हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या मुलांच्या अभ्यासातून 1998 मध्येच पुढे आले होते. आपल्याकडे 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येतात. जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. "याचे वडीलही उशिरा बोलले" हे वाक्य तर आता सोडूनच द्या.

आणखी एक शब्द सोडावा असे मला वाटते, ‘मूकबधिर’. या मुलीचा आवाज खणखणीत आहे. बोल उमटत नव्हते, कारण ते कधी ऐकूच आले नव्हते.

कौतुकाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. पाहुणे आले की "म्हणून दाखव" करणारे आईबाप पुष्कळ पाहिले आहेत. मूल पाठ केलेले गाणे म्हणते, टाळ्या पडतात; अर्थ कळला का, कोणी विचारत नाही. या आईचा अभिमान वेगळा आहे. मूल काय बोलले त्याहून त्याला काय कळले, याची ती नोंद ठेवते. ओठ पाहून समजण्यालाही मर्यादा आहेत. बाबा, पापा आणि मामा आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा, तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून ती हातांच्या खुणाही वापरते. वडिलांना ते पसंत नव्हते. हातवारे केले की मूल बोलत नाही, असे त्यांना कोणी सांगितले होते. या समजुतीला भक्कम पुरावा नाही. भाषा कानाने पोचो वा हाताने, ती वेळेवर पोचली पाहिजे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत 2015 मध्ये स्वतंत्र केंद्रही निघाले आहे.

निघताना तिने विचारले, पावसाळ्यात यंत्र दमट होते, रात्री कुठे ठेवू? सेल काढून बाजूला ठेवावा आणि यंत्र ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. डबी मुलीच्या हाताला लागू देऊ नये, असे मी सांगितले. तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. तोवर मुलगी माझ्या टेबलावरच्या दिनदर्शिकेची पाने उलटीत होती.